गोळी पोहोचावी, नाव पोहोचू नये

विंचूरच्या तीनपाटीवरून एक रस्ता निफाडमार्गे नाशिकला जातो, दुसरा येवल्याकडे आणि तिसरा लासलगावकडे. हा तिसरा लासलगावात थांबत नाही. सटाणा मागे टाकून तो थेट तापीकाठच्या प्रकाशापर्यंत जातो, आणि सरकारदरबारी त्याचे नावच विंचूर-प्रकाशा राज्य महामार्ग असे आहे. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांचे घराणे याच गावावरून विंचूरकर म्हणवले गेले. अडीचशे वर्षांनी, 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर, इथे वाईन पार्क आले. कांदा, द्राक्षे, ट्रॅक्टर आणि एसटी यांवर या गावाचा दिवस चालतो. रस्ता वाहता असेल तर विंचूर वाहते असते.

मार्च हा इथला धबडग्याचा महिना. द्राक्षांची काढणी जोरात, उन्हाळ कांदा शेतातून निघू लागलेला, सुरगाणा आणि पेठकडून आलेली मजूर कुटुंबे मळ्यामळ्यांत मुक्कामाला. 2020 चा मार्चही असाच सुरू झाला. मग 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 23 पासून एसटी उभी राहिली आणि 25 पासून देशभर टाळेबंदी लागली. द्राक्षबागायतदाराचे काय झाले, कांद्याचे काय झाले, परगावी अडकलेल्या मुलांचे काय झाले, हे त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होते. एका गटाची अडचण मात्र छापून येण्यासारखीच नव्हती. ती सांगायची तर आधी स्वतःचा आजार सांगावा लागला असता.

एचआयव्हीवरच्या औषधांना सगळे नुसते ‘गोळ्या’ म्हणतात. त्या रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यायच्या असतात. नीट घेतल्या तर विषाणू इतका दबतो की रक्ततपासणीत सापडत नाही, माणूस वर्षानुवर्षे शेतात राबतो, लेकरे वाढवतो, आणि त्याच्यापासून जोडीदाराला लागणही होत नाही. मधेच सुटल्या तर विषाणू पुन्हा वाढतो आणि त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. तेव्हा दुसऱ्या पातळीची औषधे लागतात. ती जास्त महाग, आणि मिळण्याची ठिकाणेही कमी. म्हणून ‘खंड पडू देऊ नका’ हे समुपदेशकांचे पहिले आणि शेवटचे सांगणे असते. बहुतेकांना गोळ्या महिन्याच्या मापाने मिळत, आणि महिन्यातून एकदा एआरटी केंद्राची, म्हणजे या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्राची, फेरी ठरलेली असे.

विंचूरच्या माणसाला हे केंद्र म्हणजे नाशिकचे जिल्हा रुग्णालय. नैताळे, निफाड, चांदोरी करत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ग्रामीण रुग्णालयांत तपासणी आणि समुपदेशनाची सोय असते, काही ठिकाणी स्थिर रुग्णांना गोळ्या देणारे लिंक एआरटी केंद्रही असते. तरीही महाराष्ट्रात कित्येक जण मुद्दाम लांबचे केंद्र धरतात. जवळच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा ओळखीचा निघतो, बाकावर शेजारी बसलेली बाई भावकीतली असते. नाशिकच्या गर्दीत कोण कोणत्या खोलीपुढे उभे आहे हे पाहायला कुणाला वेळ नसतो. एसटीने एचआयव्हीबाधितांना साध्या आणि निमआराम गाडीत मोफत प्रवासाची सवलत दिलेली आहे. पण सवलतीचे कार्ड कंडक्टरला दाखवावे लागते, आणि कंडक्टर त्याच रस्त्यावरचा असतो. पदरचे पैसे मोडून पूर्ण तिकीट काढणारेही म्हणूनच आहेत. त्या पन्नास किलोमीटरांनी माणसाचे नाव झाकून ठेवले होते. एसटी थांबली तेव्हा गोळ्या आणि हा आडोसा एकाच दिवशी गेला.

नाशिक जिल्ह्यातला पहिला करोनारुग्ण 29 मार्च 2020 रोजी आढळला, तोही निफाड तालुक्यात, लासलगावच्या परिसरात. विंचूरहून हे अंतर मोटारसायकलवर दहा-पंधरा मिनिटांचे. लासलगावचे कांद्याचे लिलाव थांबले. नाशिकच काय, सगळ्या महाराष्ट्रात तेव्हा एक नवी रीत पडत होती. रुग्ण सापडला की गल्लीला बांबू लागत, दारावर कागद चिकटे, आणि नाव, आडनाव, कधी फोटोसुद्धा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागे. ज्यांनी दहा-पंधरा वर्षे आपला आजार सासूपासून, दिरापासून, शेजारणीपासून लपवून ठेवला होता, त्यांनी हे सगळे आपापल्या ओट्यावरून पाहिले. आजार कळला की गाव काय करते, याची नवी साक्ष त्यांना मिळाली. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना ती नवीनही नव्हती.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो 1986 मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या नमुन्यांत. मुंबईतही त्याच वर्षी रुग्ण आढळले, आणि डॉ. ईश्वर गिलाडा यांनी जे. जे. रुग्णालयात एड्ससाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्यात पुढाकार घेतला. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली आणि पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पण औषध नव्हते. नव्वदीच्या दशकात मुंबई-आग्रा आणि पुणे-बंगळूर या हमरस्त्यांनी हा आजार गावात शिरला, तो ट्रकवाल्यांबरोबर, हंगामी मजुरांबरोबर, मुंबईहून गावी परतणाऱ्या गिरणीकामगारांबरोबर. गावाने त्याचे नाव घेतले नाही. पुरुष ‘टीबीने’, ‘काविळीने’ गेले, आणि पंचविशीतल्या विधवांना माहेरी धाडण्यात आले. आजाऱ्याला लावलेले हातही घरचे लोक धुऊन घेत, असे ते दिवस होते.

त्याच 1992 मध्ये सांगलीत मीना सेषू यांनी ‘संग्राम’ संस्थेचे काम सुरू केले. मला या सगळ्या इतिहासाचा सांधा इथे दिसतो. सरकारी आरोग्यव्यवस्थेने वेश्यावस्तीकडे रोगाचे उगमस्थान म्हणून पाहिले होते. संग्रामने तिथल्या बायकांनाच काम सोपवले. निरोध वाटणे, एकमेकींना दवाखान्यात नेणे, आजारी पडलेलीला सांभाळणे हे सगळे त्या स्वतः करू लागल्या. 1996 मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव व्हॅम्प. सांगली-मिरजेपासून सीमेपलीकडच्या निपाणीपर्यंत तिचे जाळे पसरले. ज्याला आजार आहे किंवा धोका आहे, त्यालाच सेवेच्या मध्यभागी ठेवायचे, हा धडा पुढे सबंध देशाच्या एड्स कार्यक्रमाने गिरवला. निफाड किंवा येवला तालुक्यात घरोघर फिरणारा लिंक वर्कर, बाधितांची राज्यभरची नेटवर्क संघटना, 2013 मध्ये सुरू झालेली ‘विहान’ ही काळजी व आधार केंद्रे, ही सगळी त्या कामाची नंतरची पिढी आहे.

औषध आले तेव्हा आधी ते परवडण्यापलीकडचे होते. 1996 मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार जगापुढे आला तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी हाच उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमीत, देऊ केला आणि आफ्रिका-आशियाचे चित्र पालटले. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने आठ संस्थांत मोफत गोळ्या सुरू केल्या. जे. जे. त्या आठांतले एक. आधी रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी खूप खालावलेल्यांनाच गोळ्या मिळत, मग ती मर्यादा सैल होत गेली, आणि 2017 मध्ये धोरण ठरले की निदान झाले की लगेच औषध. त्याच वर्षी एचआयव्ही व एड्स कायदा संमत झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. माणसाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, हे त्याचे हृदय. नॅकोच्या 2019 च्या अंदाजानुसार देशात 23.49 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, आणि त्यांतले 3.96 लाख, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात होते.

टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात नॅकोने राज्यांना सूचना पाठवल्या. गोळ्या महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या द्या. नोंदणी कुठल्याही केंद्रात असो, माणूस ज्या केंद्राजवळ अडकला असेल तिथून त्याला गोळ्या मिळू द्या. येणे जमत नसेल तर घरचे कोणी, नाहीतर क्षेत्रीय कार्यकर्ते यांच्या हाती द्या. कागदावर हे चार ओळींचे काम आहे. यातली दुसरी सूचना निफाडसारख्या तालुक्याच्या कामाची होती, कारण मळ्यावरून पायी आपल्या पाड्यावर परतलेल्या मजुराचे केंद्र आता वेगळेच होते. तिसरी सूचना मात्र सगळ्यांत अवघड ठरली. गोळ्या कार्यकर्त्याच्या हाती द्यायच्या म्हणजे त्याने त्या गावात आणायच्या, आणि गाव तर तेव्हा वेशीवर काट्या टाकून बसले होते. बाहेरची एक मोटारसायकल आली तरी चार माणसे विचारत, कोणाकडे आलात? पूर्वी हा प्रश्न सहज विचारला जाई. आता तो रोगाच्या धास्तीने विचारला जाऊ लागला, आणि उत्तर ऐकल्याशिवाय कोणी हलेना.

समुपदेशकांचे काम आधी फोनवर सुरू झाले. केंद्राच्या नोंदवहीतल्या नंबरांवर एकेक करून फोन लावायचे. पण नोंदवहीतला नंबर बऱ्याचदा घरातल्या एकाच मोबाइलचा असतो, आणि तो दिराच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. एरवी दुपारी घरचे शेतात गेले की बाईला दोन शब्द बोलता येत. टाळेबंदीत सगळे घरातच. मुंबई-पुण्याहून आलेली भावंडेही दोन खोल्यांत दाटलेली. म्हणून फोनवरचे पहिले वाक्य ‘आत्ता बोलता येईल का?’ हे असे, आणि ‘राँग नंबर’ हे उत्तर आले तर त्याचा अर्थही समुपदेशकाला कळे. संध्याकाळी पुन्हा फोन. जनावरांना पाणी पाजायला गोठ्यात गेल्यावर, नाहीतर सरपण आणायला निघाल्यावर, तिकडून कुजबुजता आवाज येई की डबी संपत आलीय. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर ओळखीच्या दुसऱ्या बाधिताला सांगावे लागे. नेटवर्क म्हणजे काय, ते इथे कळते. एकाच केंद्राच्या बाकावर बसून ओळख झालेल्या दोन बायका एकमेकींच्या गोळ्यांची चौकशी करत होत्या.

मग भेटीची जागा. घरी जायचे नाही, हे बहुतेक वेळा ठरलेले. गावाबाहेरचा फाटा, पेट्रोल पंप, दूध संकलन केंद्राच्या पुढचे वळण, शेताचा बांध, अशा जागा ठरत. पोलिसांच्या नाक्यावर कार्यकर्त्याकडे अत्यावश्यक सेवेचे पत्र असे. पत्रावर एड्स नियंत्रणाचे नाव छापलेले असले तर तेच पत्र गावात शिरताना अडचणीचे होई, म्हणून नाक्यावर ते बाहेर काढायचे आणि पुढे पिशवीत घालायचे. जे स्वतः मोटारसायकल काढून नाशिकला निघत, त्यांच्यावर याहून अवघड वेळ येई. नाक्यावर दाखवायला त्यांच्यापाशी एकच कागद असे, केंद्राचे उपचारपुस्तक. ते उघडले की रस्त्याच्या कडेला, तालुक्यातल्याच होमगार्डसमोर, सगळे उघडे. कायद्याने दिलेली गोपनीयता त्या क्षणी माणसाच्या हातात होती आणि तीच त्याला खर्च करावी लागत होती. किती जणांनी ती केली आणि किती जण नाक्यावरून मागे फिरले, याचा हिशेब कोणत्याच नोंदवहीत येत नाही. या काळाचा इतिहास लिहिताना मला तोच हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तीन महिन्यांच्या गोळ्या म्हणजे तीन डब्या. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी पिशवीत ठेवली की खुळखुळते, म्हणून बायका कापसाचा बोळा घालतात, नाहीतर गोळ्या काढून दुसऱ्याच कुठल्या डब्यात भरतात. एक डबी डाळीच्या पिंपात लपते, तीन लपवायला जागा शोधावी लागते. बाहेरून अगदी क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट घरात अवघड होती. त्यातून तेव्हाचा नेहमीचा उपचार एफाव्हिरेन्झ असलेला होता. ती गोळी रात्री झोपताना घेतात, कारण घेतल्यावर गरगरते. दाटीच्या घरात रोज रात्री उठून कोपऱ्यात पाठमोरे होऊन काहीतरी तोंडात टाकणारे माणूस लक्षात येतेच. 2020 च्या मध्यापासून नॅकोने डोल्युटेग्राव्हिर असलेली नवी एकत्रित गोळी आणायला सुरुवात केली. ती कुठल्याही वेळी घेता येते आणि गरगर फार नसते. महामारीच्या ऐन धामधुमीत देशभरच्या केंद्रांनी औषध बदलण्याचे हे मोठे काम सुरू ठेवले, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

जगात त्या महिन्यांत काळजीचे आकडे येत होते. 11 मे 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी इशारा दिला की सहारापलीकडच्या आफ्रिकेत उपचार सहा महिने विस्कळीत झाले तर पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू होऊ शकतील. जुलैमध्ये आरोग्य संघटनेने सांगितले की 73 देशांना औषधे संपण्याचा धोका आहे. जगातली या गोळ्यांची मोठी गरज भारतातले कारखाने भागवतात. इथल्या टाळेबंदीत कच्चा माल, कामगार, विमाने यांतले काहीही अडले की झळ केनिया-मोझांबिकपर्यंत जायची. शिवाय लोपिनाविर-रिटोनाविर हे एचआयव्हीचे दुसऱ्या पातळीचे औषध सुरुवातीला करोनावर चालते का हे पाहिले जात होते. जयपूरला इटालियन पर्यटकांना ते दिले गेले होते. ज्यांचे आयुष्य त्याच औषधावर उभे होते त्यांच्या पोटात तेव्हा गोळा आला. जूनअखेर ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून स्पष्ट झाले की करोनावर त्याचा उपयोग नाही.

नाशिकचे जिल्हा रुग्णालय करोनाच्या कामाला जुंपले गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालेगाव पेटल्यासारखे झाले आणि जिल्ह्याची सगळी यंत्रणा तिकडे ओढली गेली. क्षयरोगाचे निदान करणारी सीबीनॅट यंत्रे करोनाच्या तपासणीला लागली. एचआयव्हीबाधितांचा सर्वांत जुना वैरी क्षय, आणि त्याचेच निदान लांबले. नव्या एचआयव्ही तपासण्या घटल्या. तपासणीला न आलेला माणूस आकड्यांत दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी तो खोकत, खंगत दवाखान्यात येतो. शिवाय आपली प्रतिकारशक्ती आधीच कमी, मग जे केंद्र करोनाच्या इमारतीच्या आवारात होते तिथे जायचे की नाही, ही भीती वेगळीच. समुपदेशकांनाही ती होती. तरी ते खुर्चीवर बसत होते.

सांगलीकडे त्याच काळात दुसरा प्रश्न उभा होता. गोकुळनगरसारख्या वेश्यावस्त्यांत धंदा एका रात्रीत बंद झाला, भाडे आणि सावकाराचे व्याज मात्र चालू राहिले. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या कशा, हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. शिधा मिळवायला शिधापत्रिका हवी, आणि अनेकींकडे ती नव्हती. कलकत्त्याच्या दरबार महिला समन्वय समितीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि 29 सप्टेंबर 2020 रोजी न्यायालयाने राज्यांना सांगितले की नॅकोने ओळख पटवलेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबरमध्ये पुढे पाऊल टाकले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा 5,000 रुपये, आणि मूल शाळेत जात असेल तर आणखी 2,500. सुमारे 31 हजार महिलांसाठी ही मदत होती.

मदत चांगली होती, आणि तिच्या पोटात जुनाच काटा होता. यादीत नाव आल्याशिवाय पैसे नाहीत. यादी म्हणजे कागद, कागद म्हणजे कचेरी, कचेरी म्हणजे चार डोळे. शहरात खोली घेऊन राहणारी, गावी ‘कंपनीत कामाला आहे’ असे सांगणारी बाई त्या यादीपासून लांब राहणेच पसंत करते. एड्सग्रस्तांना संजय गांधी निराधार योजनेतून तेव्हा मिळणाऱ्या महिना हजार रुपयांचेही तसेच. अर्ज तहसीलला जातो, दाखला जोडावा लागतो, आणि निफाडच्या तहसील कचेरीत विंचूरचे कोणी ना कोणी उभे असतेच. पुढे 14 डिसेंबर 2021 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्रे देताना गोपनीयता पाळण्याचे स्पष्ट बजावले. ज्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी निरोधाची पेटी खांद्यावर घेऊन हे काम सुरू केले, त्यांना हे आधीपासून माहीत होते. मदत कोणाच्या हातून येते यावर ती घेतली जाते की नाही हे ठरते. म्हणून वस्तीत शिधा असो की गोळ्या, मैत्रिणीच्या हातून आलेले पुढे गेले.

नगरचे स्नेहालय, लातूरजवळ हासेगावचे सेवालय, बीडजवळ पालीचे इन्फंट इंडिया, अशा घरांत आईबापांविना वाढणारी बाधित मुले आहेत. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या या घरांना दाराशी येणारे पाहुणेच बंद झाले. त्यांच्या त्या दोन वर्षांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

20 ऑगस्ट 2020 रोजी जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी पुन्हा सुरू झाली. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात ती मर्यादित स्वरूपात त्याआधीच धावू लागली होती. रस्ते उघडले तसा जुना आडोसाही थोडा परत आला. पण 15 सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम लागली. आशाताई आणि स्वयंसेवक तापमापक, ऑक्सिमीटर घेऊन घरोघर येऊन विचारू लागले की घरात कोणाला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणखी काही मोठा आजार आहे का? हेतू उत्तम होता, त्यातून कित्येकांचे प्राण वाचले असतील. आशाताई गावचीच. तिच्यासमोर, सासूसमोर, ओट्यावर उभे राहून त्या ‘आणखी काही’ला कोण काय उत्तर देणार? मला खात्री आहे की त्या सर्वेक्षणाच्या कागदांवर हजारो घरांनी ‘नाही’ असे लिहवले, आणि माहीत असूनही ते खोडून न काढणाऱ्या आशाताईही असणार.

लसीच्या वेळी हे टोकाला गेले. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या माणसांना वीस ठरावीक आजारांपैकी एखादा असेल तरच लस मिळणार होती. त्या यादीत एचआयव्ही होता. म्हणजे ज्यांना लवकर संरक्षण हवे त्यांना ते देण्याची सोय सरकारने केली होती. फक्त डॉक्टरांचे प्रमाणपत्र लसीकरण केंद्रावर दाखवायचे होते. ग्रामीण भागात ते केंद्र म्हणजे जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, जिथे जाणे माणसाने इतकी वर्षे टाळले तेच. हक्क होता, पण नाव सांगून घ्यायचा. ज्यांना शक्य होते ते थांबले. 1 एप्रिलपासून 45 वरील सगळ्यांना प्रमाणपत्राविना लस मिळू लागली, आणि रांगेत उभे राहण्याचे कारण कोणालाच सांगावे लागेनासे झाले. हा एक महिन्याचा उंबरठा होता. पण तो मार्च महिना दुसऱ्या लाटेच्या तोंडावरचा होता.

एप्रिल 2021 मधल्या नाशिकबद्दल लिहायला हात जड होतो. 21 एप्रिलला शहरातल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि दोन डझनांच्या आसपास माणसे गुदमरून गेली. खाटा नव्हत्या, रेमडेसिविरसाठी रांगा होत्या, स्मशानांत जागा नव्हती. त्या आठवड्यांत एखादा बाधित माणूस करोनाने रुग्णालयात दाखल झाला तर त्याच्या गोळ्या चालू ठेवायच्या कशा, हा प्रश्न कुटुंबाच्या तोंडून निघत नव्हता. वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगायचे तर बाहेर उभ्या भावाला कळणार. काही जण खिशात डबी घेऊनच भरती झाले. या वेळी मात्र एक फरक होता. फोन करणारा समुपदेशक, फाट्यावर येणारा कार्यकर्ता, डबी पोहोचवणारी मैत्रीण ही साखळी वर्षभरात घट्ट झालेली होती, आणि ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध 14 एप्रिलला लागले तेव्हा पहिल्या टाळेबंदीसारखी धावाधाव करावी लागली नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या देणे आता अपवाद राहिले नव्हते. वर्षानुवर्षे ज्या सवलतीसाठी बाधितांच्या संघटना अर्ज करत होत्या ती महामारीने काही आठवड्यांत मिळवून दिली. विंचूरच्या माणसाच्या नाशिकच्या बारा फेऱ्या चारावर आल्या.

ते टिकले नाही. 2022 च्या उन्हाळ्यात औषधखरेदीच्या निविदा रखडल्या आणि देशात डोल्युटेग्राव्हिरसह काही औषधांचा तुटवडा पडला. काही राज्यांतल्या केंद्रांवर महिन्याच्या जागी आठवड्या-दहा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या जाऊ लागल्या. ज्याला दहा दिवसांनी पुन्हा यायचे आहे त्याने मालकाला, घरच्यांना प्रत्येक खेपेला नवे कारण द्यायचे. 21 जुलै 2022 पासून बाधितांचा एक गट दिल्लीत नॅकोच्या कार्यालयात ठाण मांडून बसला आणि महिनाभराहून अधिक काळ तिथून हलला नाही. त्यांची मागणी साधी होती. साठा पुरेसा ठेवा, आणि गोळ्या किमान महिन्याच्या द्या. ज्यांनी आपली नावे आयुष्यभर जपली होती त्यांच्यातले काही जण वार्ताहरांपुढे उघड्या चेहऱ्याने, स्वतःचे नाव सांगून बोलले.